ट्रीटमेंट संपल्यावर काय करायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची केमो संपली की सगळे म्हणतात "सुटलीस एकदाची", आणि माझा खरा घोळ तिथूनच सुरू झाला. ऑपरेशन कसं असतं, केमोत काय होतं यावर माहिती ढीगभर मिळते, पण निदानानंतर "आता हे सगळं कशासाठी" हा भुंगा डोक्यात शिरतो त्याचं नक्की काय करायचं, कोणाकडे जायचं, किती थांबावं लागतं, हे सलग लिहिलेलं मला कुठे सापडलं नव्हतं. म्हणून माझ्यापुरतं लिहितेय. मी डॉक्टर नाही, हिशेब तपासणारी बाई आहे. औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सुरुवात 2023 च्या जानेवारीत झाली. जिना चढताना दम लागायचा, वजन थोडं उतरलं होतं, मी म्हटलं वर्षअखेरीचं काम आहे, होणारच. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खूप खाली आणि लोहही कमी. आधी गोळ्या दिल्या, पण आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली असावी, म्हणाले चाळिशीच्या पुढच्या माणसाचं लोह कारणाशिवाय कमी होत नाही, रक्त कुठूनतरी जातंय, कोलोनोस्कोपी करून घ्या. (उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर बऱ्याचदा असाच सापडतो, डोळ्यांना रक्त दिसतच नाही, फक्त थकवा येतो. हे माहीत असलेलं बरं.) कोलोनोस्कोपीत गाठ दिसली, तुकडा घेतला, बायॉप्सीचा रिपोर्ट यायला आठवडाभर लागला. त्या आठवड्यात मी ऑफिसचं काम नेहमीपेक्षा जास्त केलं.

रिपोर्ट हातात आला तेव्हा पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. मी पहिला प्रश्न विचारला तो "रजेसाठी सर्टिफिकेट कोण देणार?" नवरा माझ्याकडे बघतच राहिला. नंतर कळलं की असं पुष्कळांचं होतं, मोठी गोष्ट डोक्यात मावत नाही म्हणून माणूस छोटीला धरतो. तुमचंही तसं झालं तर आपण दगड आहोत असं समजू नका.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं, आतड्याचा उजवा भाग काढला. काढलेल्या भागातल्या किमान 12 लसिका गाठी तरी तपासायला हव्यात असा नियम आहे, तेवढ्या तपासल्याशिवाय स्टेजवर नीट भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये तो आकडा स्वतः बघा. माझ्या चारपेक्षा जास्त गाठींमध्ये आजार निघाला, म्हणजे स्टेज तीन, त्यातही जरा वरच्या जोखमीचा गट. सेकंड ओपिनियन घ्यायचं ठरवलं तर नुसते रिपोर्ट चालत नाहीत, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या गाठीचे मेणात जपून ठेवलेले तुकडे) मागवावे लागतात, त्यासाठी लेखी अर्ज, ओळखपत्राची कॉपी, वेगळी फी, आणि "उद्या या" हे दोनदा तरी ऐकायची तयारी. एमएमआर नावाची तपासणी (पेशींमधल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत शाबूत आहेत का ते बघणारी) झालीय का तेही तेव्हाच विचारून घ्या, आजार आनुवंशिक असू शकतो का याचा पहिला धागा तिथे मिळतो. आमच्या रिपोर्टमध्ये ती नव्हती, ब्लॉक परत पाठवून करून घेतली. नॉर्मल आली.

याच काळात "मलाच का" सुरू झालं. दिवसा नाही, रात्री. मी रीतसर यादीच केली होती, काय खाल्लं, किती बसून राहिले, किती जागरणं केली, कोणाचं वाईट चिंतलं. लोकही मदतीला होतेच. एक म्हणे तू मनात फार ठेवतेस, दुसरी म्हणे राग गिळलास की तो असा बाहेर येतो. सर्जनना विचारलं तर ते म्हणाले, "पेशी विभागताना चुका होतात, वय वाढतं तशा साठतात, काही गोष्टींनी जोखीम वाढते हे खरं, पण तुमच्या बाबतीत नक्की कशामुळे झालं हे मी सांगू शकत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका." मला तेव्हा ते उत्तर कोरडं वाटलं होतं. आता वाटतं मला मिळालेलं ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर होतं.

केमो एप्रिलअखेरीस सुरू झाली. फॉल्फॉक्स (केमोच्या काही औषधांचा ठरलेला संच), दर दोन आठवड्यांनी, सहा महिने. एक औषध डे-केअरमध्ये खुर्चीत बसून घ्यायचं आणि दुसरं छातीतल्या पोर्टला (कातडीखाली बसवलेली, औषध शिरेत सोडायची छोटी डबी) जोडलेल्या पंपातून 46 तास हळूहळू जात राहतं, पंप कमरेच्या पिशवीत घालून घरी न्यायचा. रात्री कूस बदलताना नळी कुठेय हे आधी हाताने चाचपायचं, मगच वळायचं. त्यातल्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधामुळे गार वस्तूला हात लागला की बोटांत करंट आल्यासारखं व्हायचं, नळाचं पाणी, फ्रिजचं हँडल, स्टीलची कडी सगळ्यालाच. ऐन उन्हाळ्यात बाई हातमोजे घालून फ्रिज उघडतेय हे बघून मुलगी आधी हसली आणि मग आत जाऊन रडली. तिचं वय तेव्हा चौदा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. विम्याची मंजुरी प्रत्येक सायकलला, म्हणजे केमोच्या प्रत्येक फेरीला, वेगळी लागायची, ती एकदा अडकली कारण त्यांना डिस्चार्ज समरीवर "स्टेज" हा शब्द स्पष्ट लिहून हवा होता. पंपाचं आणि पोर्टच्या सुईचं बिल "साहित्य" म्हणून बाजूला काढलं, ते खिशातून गेलं. पगारी रजा संपल्यावर बिनपगारी. ऑपरेशन बऱ्यापैकी विम्यात निघालं, बचत खाल्ली ती या बारीकसारीक गोष्टींनी आणि प्रवासाने. मी एक फाईल केली, आधी पॅथॉलॉजी, मग स्कॅन, मग रक्ताचे रिपोर्ट तारखेने, मग डिस्चार्ज, शेवटी बिलं, आणि सगळ्यात वर एक पान, त्यावर निदान, स्टेज, औषधं, अ‍ॅलर्जी, पोर्टची तारीख. कुठलाही नवा डॉक्टर ते पान बघून खूश व्हायचा. ही फाईल लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

केमोच्या काळात जगण्याचा अर्थबिर्थ काही सुचत नाही, हे सांगून टाकते. पुढची सायकल, रक्तपेशींचा काउंट किती, उलटीची गोळी घेतली का, एवढ्यातच दिवस जातो. त्या काळात कोणी मला "यातून तुला काय शिकायला मिळालं" विचारलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. "पॉझिटिव्ह राहा" वाले तर विचारूच नका. एकदा मी खुर्चीत बसून रडत होते तर शेजारच्या पेशंटची बहीण म्हणाली, "असं रडू नका हो ताई, मन खचलं की औषध लागू होत नाही." म्हणजे रडायचं पण नाही आणि रडलं तर आजार परत येईल ही भीतीही बाळगायची. नंतर समजलं की हे तपासून झालेलं आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरचे 1,093 पेशंट होते, त्यात ट्रीटमेंटच्या सुरुवातीला मन किती चांगलं होतं त्याचा आणि माणूस किती जगला याचा काही संबंध दिसला नाही. हे वाचून मला जो सुटल्यासारखा श्वास आला तो सांगता येत नाही. मन सांभाळायचं ते आपले दिवस बरे जावेत म्हणून, ट्यूमरवर उपकार म्हणून नाही.

ऑक्टोबरअखेरीस शेवटचा पंप निघाला. नर्स म्हणाली फोटो काढू या, काढला. दोन आठवड्यांनी नेहमीसारखी जाग आली आणि जायला कुठेच नव्हतं. इतके महिने कोणीतरी माझं रक्त बघत होतं, वजन बघत होतं, काहीतरी औषध चालू होतं, आणि आता नुसतं "फॉलोअपला या". घरचे मोकळे झाले, नवरा ऑफिसच्या कामात गुंतला, मुलीची परीक्षा आली, दादाचे रोज येणारे फोन आठवड्यावर गेले. सगळ्यांचं बरोबरच होतं. मी मात्र खुर्चीत बसून राहायचे. ऑफिसला जानेवारीपासून जायचं होतं आणि मला त्या फाइलींकडे बघवत नव्हतं, कारण वीस वर्षं मी स्वतःला "कामाची बाई" म्हणून ओळखत आले आणि आता तेच काम मला पोकळ वाटत होतं. त्यात बोटं बधिर. ऑक्झॅलिप्लॅटिनचा बधिरपणा औषध बंद झाल्यावरही काही महिने वाढू शकतो, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी समजले आजार परत आला. शर्टाची वरची बटणं मुलगी लावून द्यायची.

या टप्प्याला नाव आहे हे खूप उशिरा कळलं. फिट्झह्यू मुलन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरला स्वतःलाच कॅन्सर झाला होता, त्याने 1985 मध्ये लिहिलं की कॅन्सरनंतरचं जगणं तीन ऋतूंमधून जातं, पहिला निदान आणि उपचारांचा, दुसरा उपचार संपल्यावरचा, भीतीचा आणि वाट बघण्याचा, आणि तिसरा आजार परत यायची शक्यता कमी होत गेल्यावरचा. आणि दुसऱ्यात माणूस जास्त एकटा पडतो, कारण हॉस्पिटलचा आधार सुटलेला असतो आणि नेहमीचं आयुष्य अजून हाती आलेलं नसतं. मी नेमकी त्यातच अडकले होते, आणि मला वाटत होतं की मीच कृतघ्न आहे, जगले तरी रडतेय.

डिसेंबरच्या फॉलोअपला ओपीडीत एक कागद भरायला दिला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, 0 ते 10, गेल्या आठवड्यात किती त्रास झाला त्यावर गोल करायचा, खाली यादी, पैसे, घर, झोप, भीती, श्रद्धा वगैरे. बरेच जण हा कागद "काही नाही" करून परत देतात, मी बघितलंय. मी 7 वर गोल केला, खरं तर 8 होतं. 4 किंवा वर असेल तर पुढे विचारपूस करायची अशी पद्धत आहे, त्याप्रमाणे सिस्टरने विचारलं आणि सायको-ऑन्कॉलॉजी नावाच्या, कॅन्सरच्या पेशंटचं मन सांभाळणाऱ्या विभागाची चिठ्ठी दिली. असा विभाग आहे हेच मला माहीत नव्हतं, तोच कॉरिडॉर, दोन दारं पुढे. तुमच्याकडे हा कागद कोणी दिला नाही तर स्वतःहून सांगा की मला मनाचं बोलायचंय, कोणाकडे जाऊ. विभाग नसेल तर पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना (आजाराचा त्रास, वेदना कमी करणारी टीम) विचारा, ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतात हा गैरसमज आहे, त्यांच्याकडे मनाचं बघणारं माणूस बऱ्याचदा असतं.

पहिली अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी मिळाली. मध्ये दोनदा रद्द करावीशी वाटली. फी साध्या ओपीडीएवढीच होती, पण विम्यात बसत नव्हती, पावत्या तरीही जपून ठेवा. तिथल्या थेरपिस्ट मॅडम माझ्यापेक्षा लहान होत्या, मला वाटलं ही मुलगी मला काय सांगणार. त्यांनी सांगितलं काहीच नाही, आधी झोपेचं आणि भूक लागते का ते विचारलं, डिप्रेशन आहे का ते नीट तपासलं (हे महत्त्वाचं आहे, कारण डिप्रेशन असेल तर त्याचा उपचार वेगळा असतो, अर्थ शोधत बसायची ती वेळ नसते), आणि मग म्हणाल्या, "तुम्हाला आजार परत यायची भीती जास्त आहे की आला नाही तर काय करायचं याची?" मी गप्प. दुसरी.

त्यांनी जी पद्धत वापरली तिला अर्थकेंद्री थेरपी म्हणता येईल. मुळात व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाचा विचार, ते नाझी छळछावण्यांतून वाचले होते, त्यांचं म्हणणं की परिस्थिती आपल्या हातात नसली तरी तिच्याकडे कसं बघायचं हे स्वातंत्र्य शेवटपर्यंत उरतं. त्यावरून विल्यम ब्राइटबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये कॅन्सरच्या पेशंटसाठी ही थेरपी बसवली, एकेकट्यासाठी सात बैठका, गटात असेल तर आठ. आजार पसरलेल्या 253 पेशंटवर गटाची चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात निराशा कमी झालेली दिसली, आणि नेदरलँड्समध्ये उपचार संपलेल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी तिचं वेगळं रूप केलं गेलं. मला हे सगळं मॅडमनी तिसऱ्या का चौथ्या बैठकीत सांगितलं, मीच खोदून विचारलं म्हणून. हिशेबवाल्या माणसाला आधार लागतो.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगते, कारण नुसतं "थेरपी" म्हटलं की लोकांना भीती वाटते. एक तास, कागद पेन, एक प्रश्न. पहिल्या वेळी, जगणं सार्थ वाटलं असे एकदोन क्षण. मला वाटलं लग्न, मुलीचा जन्म असलं काही निघेल. निघालं भलतंच. एकदा ऑफिसात एका शिपाईकाकांचा निवृत्तीचा हिशेब कित्येक वर्षं चुकीचा लावला होता तो मी शोधून काढला होता, आणि ते काका काही न बोलता माझ्या टेबलाशी उभे राहिले होते. हे मी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं, मलाच ते विशेष वाटलं नव्हतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. "मी कोण आहे?" याची चार उत्तरं लिहायची. बोटांत पेन धरवत नव्हतं, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येत होतं. मी पहिलं उत्तर लिहिलं, "स्टेज तीनची पेशंट". मग आई, मग कामाची बाई, मग बराच वेळ काही नाही, मग "खोटं न चालवून घेणारी". मॅडमनी विचारलं यातलं आजाराने काय नेलं? मी एकेकावर बोट ठेवत गेले. पहिलं आजारानेच दिलं होतं. दुसरं नेलं नव्हतं, थकवलं होतं. तिसरं नेलं असं मी ठामपणे म्हणाले. चौथ्याला हात लागला नव्हता. त्या म्हणाल्या मग तिसऱ्यातलं नक्की काय गेलं, काम की कामातलं हे चौथं? तास संपला होता, मी उत्तर न देताच उठले आणि रिक्षात बसल्यावर हुंदके देऊन रडले.

नंतरच्या एका बैठकीत विषय वारशाचा. आपल्याला मागच्यांकडून काय आलं, पुढे काय जाणार. मला माझी आत्या आठवली. मी लहान असताना ती मागच्या खोलीत आजारी होती, दार लोटलेलं असायचं, तिला काय झालंय हे कोणी मोठ्याने बोलत नसे, आम्हा मुलांना आत सोडत नसत. एक दिवस खोली रिकामी झाली. इतक्या वर्षांनी मी आईला फोन करून विचारलं, "आई, आत्याला नक्की काय झालं होतं गं?" आई थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "पोटाचंच काहीतरी. तेव्हा नाव घेत नव्हतो आम्ही." मला तेव्हा कळलं की माझ्या घरात वारसा आहे तो गप्प बसण्याचा, आणि माझी मुलगी आत जाऊन रडत होती ती त्यामुळेच.

म्हणून मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. स्टेज, परत येण्याची शक्यता, कुठले स्कॅन कधी, मला कशाची भीती वाटते. ती म्हणाली, "मला वाटत होतं तू मला सांगत नाहीयेस म्हणजे अजून वाईट असणार." त्या दिवसापासून माझ्या रिपोर्टचा आकडा फाइलीत तीच लिहिते.

दुसरं म्हणजे दादा. सख्ख्या भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला तर बाकीच्यांनी चाळिशीला, किंवा त्या माणसाचं निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधीच्या वयाला, जे आधी येईल तेव्हापासून कोलोनोस्कोपी करून घ्यावी असं सांगतात. दादा पन्नाशीचा. "मला काही होत नाही गं" हे त्याचं पालुपद. मी त्याचा पिच्छाच पुरवला, वहिनीला फितवलं, अपॉइंटमेंट घेऊन तारीखच कळवली. त्याच्यात पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला छोटा कोंब, निघाला, तिथल्या तिथे काढला, तपासणीत कॅन्सर नव्हता, पण पुढे झाला असता की नसता हे कोणी सांगू शकत नाही. दादा नंतर फोनवर एवढंच म्हणाला, "बरं झालं भांडलीस." माझ्या आजाराचा काही उपयोग झाला असं मला वाटलेला हा पहिला दिवस. उपयोग म्हणजे कारण नव्हे हं. दादा वाचावा म्हणून मला कॅन्सर झाला असं कोणी म्हणालं तर मी हात जोडेन.

याच मुद्द्यावर माझं बऱ्याच जणांशी जमत नाही. "कॅन्सर ही देणगी आहे", "त्याने मला जगायला शिकवलं" असं काही जण म्हणतात, त्यांचं त्यांच्याकडे. टेडेस्की आणि कॅलहून या मानसशास्त्रज्ञांनी संकटानंतर माणसात होणाऱ्या वाढीवर 1990 च्या दशकात बरंच काम केलं, तेही म्हणतात की वाढ संकटामुळे होत नाही, त्याच्याशी झगडताना होते, आणि ती झाली म्हणून दुःख जातं असं नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. आणि काहींची नाही होत वाढ. त्यांनी काय करायचं, नापास? माझ्या मते बरं होऊन आधीसारखंच कुरकुरत जगणं हाही माणसाचा हक्क आहे.

बैठका 2024 च्या मार्चअखेर संपल्या. चमत्कार झाला नाही. भीती होती, प्रत्येक सीईएच्या (कॅन्सर परत येतोय का याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) आधीचा आठवडा वाईटच जायचा. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, मधूनमधून सीटी, एक वर्षाने कोलोनोस्कोपी असं ते वेळापत्रक असतं. टीप म्हणून सांगते, रक्त सकाळी द्या आणि रिपोर्ट डॉक्टरांसमोरच उघडा, रात्री अकराला मोबाइलवर आकडा बघून काही साधत नाही. रात्री फारच झालं तर मी पंधरावीस मिनिटं सलग लिहायची, जे मनात येईल ते, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात, तीनचार रात्री लागोपाठ. सगळ्यांना मानवत नाही म्हणतात, काहींना आधी जास्त जड होतं. मला झोप यायची.

आणि ती फाईल. एप्रिलमध्ये पोर्ट फ्लश करायला डे-केअरला गेले होते (पोर्ट काढेपर्यंत ठराविक आठवड्यांनी धुवावा लागतो, विसरू नका, बंद पडतो), तर एक माणूस पिशवीतून बायकोचे रिपोर्ट जमिनीवर ओतून त्यात काहीतरी शोधत होता, काउंटरवरचा मनुष्य ओरडत होता की स्कॅनची कॉपी लावल्याशिवाय मंजुरी पाठवता येणार नाही. मी खाली बसले आणि दहा मिनिटांत लावून दिलं, तारखेने. वर एक पान लिहून दिलं. त्या माणसाचा चेहरा बघून मला शिपाईकाका आठवले. मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे फरशीवर बसून सापडलं, थेरपी संपल्यावर.

समाजसेवा विभागात जाऊन विचारलं की मी आठवड्यातून एक सकाळ येऊन लोकांच्या फायली लावून देऊ का. सोपं नव्हतं. अर्ज, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, गोपनीयतेचं पत्र, काउंट बरे आहेत याचा रिपोर्ट, आणि "तुमची स्वतःची ट्रीटमेंट संपून किमान सहा महिने झालेत का" हा प्रश्न. मंजुरीला दोन महिने गेले. तो सहा महिन्यांचा नियम तेव्हा खटकला, आता पटतो. आपलंच ओलं असताना दुसऱ्याचं ऐकायला बसलं की दोघंही बुडतात. ऑफिसही चालू आहे, अर्धवेळ. पगार कमी झाला, घरखर्च पुन्हा मांडला, चाललंय.

तिथे फायली लावताना भेटलेल्या एका काकांबद्दल लिहून थांबते. त्यांचा आजार लिव्हरमध्ये पसरलेला. मी त्यांना सावरायला काहीतरी बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "मला उरलेल्या दिवसांचं काही सांगू नकोस पोरी, चालू दिवसाचं बोल." पॅलिएटिव्हच्या टीमने त्यांच्याबरोबर डिग्निटी थेरपी केली. कॅनडाच्या हार्वी चोचिनोव्ह यांनी आणलेली पद्धत, 2005 च्या सुमारास. पेशंटला ठरलेले प्रश्न विचारतात, आयुष्यातलं महत्त्वाचं काय, घरच्यांना काय सांगायचंय, ते रेकॉर्ड करतात, टाइप करतात, त्यालाच वाचून दाखवतात आणि दुरुस्त केलेली प्रत घरच्यांसाठी देतात. काकांची प्रत फाइलीत कुठे लावायची असं त्यांच्या मुलाने मला विचारलं. मी म्हटलं या फाइलीत नाहीच, ही तुमच्या कपाटात. काका गेले ऑगस्टमध्ये. माझे दोन आठवडे खूप वाईट गेले, मॅडमकडे पुन्हा जाऊन आले, आणि त्यात काही कमीपणा नाही.

हे लिहितेय तेव्हा 2025 चा फेब्रुवारी चालू आहे. बोटं अजून पूर्ण आलेली नाहीत, बटणं मात्र लावता येतात. एका बाईंची केमो या आठवड्यात सुरू झाली, त्यांना मंजुरीचं कळत नाही आणि त्या फार घाबरल्यात. माझा पुढचा सीईए मार्चमध्ये आहे, त्यांची दुसरी सायकल आहे त्याच दिवसाची तारीख मागून घेतली. त्यांना म्हटलं, तुमचा पंप जोडून होईपर्यंत माझं रक्त देऊन होईल, मग बसू फाईल घेऊन.